कुटुंबाच्या आठवणी आणि घरातील श्रद्धा जपणारे हाताने बनवलेले छोटे घडीचे अल्बम

इंद्रायणीकाठ

आमच्या सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन येत्या मार्गशीर्षात करायचे ठरले आहे. त्या दिवशी प्रत्येक नातवंडाच्या हातात त्यांच्या वारीचा एक छोटा, हाताने बांधलेला अल्बम द्यावा, असे मनात आहे. काम बरेच पुढे गेले आहे. त्यात जे हाती लागले ते सविस्तर लिहिते, आणि काही प्रश्नही मांडते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे फोटो ट्रंकेत किंवा माळ्यावर पडून असतील, त्यामुळे ही चर्चा एका घरापुरती राहू नये असे वाटते.

प्रथम आकाराविषयी. लग्नाच्या अल्बमासारखे जड पुस्तक कपाटात जाते आणि पाहुणे आले तरच बाहेर येते. मला मुलांच्या दप्तरात, उशाशी, प्रवासात राहील अशी वस्तू हवी होती. म्हणून पान 9 सेंटिमीटर रुंद आणि 12 सेंटिमीटर उंच ठेवले, आणि शिवणीच्या पुस्तकाऐवजी उलट-सुलट घड्यांची एकच लांब पट्टी निवडली. अशा अल्बमाची पाने एकेक करून उलटता येतात आणि सगळी पट्टी टेबलावर उलगडून एकाच नजरेत पाहताही येते. वारीसाठी ही रचना मला विशेष योग्य वाटली, कारण आळंदीपासून सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर आणि वाखरीवरून पंढरपूर, हा क्रम पट्टीवर डावीकडून उजवीकडे जसाच्या तसा मांडता येतो.

कागद पुण्याच्या शिवाजीनगरमधील हातकागद संस्थेतून आणला. ही संस्था 1940 पासून काम करते आहे आणि तिथला कागद सुती कापडाच्या कातरणांपासून बनतो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो. सुती लगद्याचा कागद त्या मानाने फार टिकाऊ असतो आणि घडीवर लवकर तडकत नाही. 56 बाय 76 सेंटिमीटरच्या एका तावातून 12 सेंटिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टीत 9 सेंटिमीटरची आठ पाने बसतात, आणि शेवटी 2 सेंटिमीटरची जीभ ठेवून दुसरी पट्टी तिला जोडली की सोळा पानांचा अल्बम तयार होतो. पानांची संख्या सम असणे महत्त्वाचे आहे, कारण तरच पहिल्या आणि शेवटच्या पानाची मागची बाजू बरोबर मुखपृष्ठांच्या पुठ्ठ्यांकडे येते. दर्शनी बाजूला सोळा पाने मिळतात, आणि मागील बाजूची दोन पाने पुठ्ठ्यांना चिकटल्यामुळे तिथे चौदा उरतात.

आता मूळ मुद्दा. अल्बम श्रद्धेविषयी आहे म्हटल्यावर घरात सर्वांनी पहिल्यांदा विठ्ठलाचे फोटो सुचवले. ते सहज मिळतात आणि सुंदरही असतात, पण ते सर्वांच्या घरी सारखेच असतात. नातवंडांना पुढे जे कुठेही विकत मिळणार नाही ते म्हणजे आजीचे करणे: ती पडशी कशी बांधायची, तुळशीवृंदावन डोक्यावर घेताना खाली चुंबळ कशाची करायची, दिंडीत कोणाच्या शेजारी चालायची. म्हणून मी असे ठरवले की प्रत्येक पानावर आमच्या घरातले कोणीतरी काहीतरी करताना दिसले पाहिजे, आणि फोटोखालचा मजकूर सासूबाईंच्या तोंडचा, त्यांच्याच शब्दांत असला पाहिजे.

त्यासाठी कात्री हातात घेण्याआधी सगळे फोटो त्यांच्यापुढे एकेक करून ठेवले आणि त्या बोलतील ते लिहून घेतले. या क्रमाचे महत्त्व एका उदाहरणावरून सांगते. एका जुन्या रंगीत फोटोत सासूबाई रस्त्याच्या कडेला उभ्या आहेत. त्या काळातील बहुतेक रंगीत फोटोंप्रमाणे त्याचाही रंग उतरून तो सगळा तांबूस झाला आहे, आणि त्यांच्या पांढऱ्या पातळाच्या खांद्यावर पिवळट छटा दिसते. आमच्या धाकट्या दिरांच्या मुलाने संगणकावर फोटो सुधारताना तो पिवळेपणाही डाग समजून काढून टाकला, आणि फोटो अगदी स्वच्छ दिसू लागला. मूळ फोटो सासूबाईंना दाखवला तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "हा जेजुरीचा भंडारा आहे. पालखीवर उधळतात तो अंगावर पडला, आणि मी तो पंढरपूरपर्यंत झटकला नाही." फोटो कुठला, हे तोपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. आता तांबूसपणा कमी केला आहे आणि पिवळा रंग राखला आहे. रंगदुरुस्ती करण्यापूर्वी फोटोतल्या माणसाला, तो नसेल तर त्या वेळी बरोबर असलेल्या कोणाला तरी विचारावे, असे मी सर्वांना आग्रहाने सांगेन.

दुसरा फोटो कृष्णधवल आहे. आमचे मामंजी दिंडीत वीणेकरी होते. वीणेकऱ्याने वीणा खाली ठेवायची नसते. ती गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचे. फोटोत नेमका तोच क्षण आहे. मामंजी वाकलेले आहेत आणि समोरचा, वयाने त्यांच्याहून बराच लहान असलेला गृहस्थही वाकलेला आहे. दोघांचेही चेहरे दिसत नाहीत. घरच्यांच्या मते चेहरा न दिसणारा फोटो अल्बमात नको होता, पण सासूबाईंनी तोच आधी उचलला. तो मी दोन पानांवर मिळून मोठा छापला आहे.

2020 सालचे पानही ठेवले आहे. त्या वर्षी महामारीमुळे पायी वारी झाली नाही आणि संतांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरला गेल्या. सासूबाई त्या दिवशी दूरचित्रवाणीसमोर खुर्ची असूनही उभ्या होत्या. माझ्या मुलीने मागून काढलेल्या फोटोत त्यांची पाठ, जोडलेले हात आणि पडद्यावरची फुलांनी सजवलेली बस दिसते.

माझे प्रश्न असे आहेत. पुठ्ठ्यावर सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचे कापड लावायचे आहे, पण त्यातून गोंद वर येऊन डाग पडतात असे ऐकले आहे; त्यावर उपाय काय? आपण खळ वापरता की बाजारातला पांढरा गोंद? आणि तिसरा प्रश्न कारागिरीचा नाही. दिवंगत माणसांचे फोटो देवघरात ठेवू नयेत अशी आमच्याकडे रीत आहे. हा अल्बम देवघरात ठेवावा असे नणंदेला वाटते, तर जाऊबाईंना त्यात मामंजींचे फोटो असल्यामुळे ते पटत नाही. आपल्या घरी असे प्रसंग कसे हाताळले?

खळपुठ्ठा

ताई, आमच्या घरी पुस्तकबांधणीचा धंदा होता, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो.

कापड पुठ्ठ्यावर थेट लावू नका. आधी कापडाला मागून पातळ कागदाचे अस्तर लावून घ्या. कापड धुऊन, मांड न देता, इस्त्री करून उलटे पसरा आणि त्यावर पाण्याचा हलका शिडकावा करून हाताने सपाट करा. पातळ कागदाला खळ लावून तो कापडावर बसवा आणि मधून कडांकडे दाबत हवा काढा. पूर्ण वाळल्यावर हे कापड कागदासारखे कापता येते, धागे सुटत नाहीत आणि पुठ्ठ्याला लावताना गोंद वर झिरपत नाही. नऊवारीचे जुने सूत विरळ झालेले असते, त्यामुळे अस्तराशिवाय ते लावणे म्हणजे डाग ओढवून घेणेच आहे. काठ वापरणार असाल तर तो पुठ्ठ्याच्या घडीच्या बाजूला येऊ द्या. उघडझाप तिथेच होते आणि काठाची वीण घट्ट असते.

खळीसाठी एक वाटी मैद्याला पाच वाट्या थंड पाणी घ्यावे, गुठळ्या मोडून मंद आचेवर सतत ढवळत राहावे, आणि पांढरेपणा जाऊन ती अर्धपारदर्शक दिसू लागली की उतरवावी. थंड झाल्यावर गाळून घ्यावी. आमच्याकडे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत असत. वह्या आणि हिशेबाच्या चोपड्यांसाठी ते चालायचे, पण मोरचूद विषारी आहे, आणि फोटोंच्या कामात व मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूत ते अजिबात नको. साधी खळ थोडी थोडी करून, शीतकपाटात ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.

पांढरा गोंद लवकर धरतो आणि कागदाला कमी भिजवतो, त्यामुळे पुठ्ठ्याला शेवटची पाने चिकटवण्यासाठी तो सोयीचा आहे. खळीचा मोठा गुण असा की ओलावा देऊन ती पुन्हा सोडवता येते. पन्नास वर्षांनी कोणाला हा अल्बम दुरुस्त करायचा झाला तर खळीने लावलेले कापड सुखरूप निघेल. पांढऱ्या गोंदाने लावलेले फाटेल. नऊवारी सासूबाईंची असल्यामुळे मी तरी खळच निवडेन.

पुठ्ठा 2 मिलिमीटर जाडीचा करडा घ्या आणि पानापेक्षा प्रत्येक बाजूने 2 मिलिमीटर मोठा कापा. कापड चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर जास्त ठेवा. कोपरे तिरके कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या दीडपट जाडीइतके अंतर सोडा, नाहीतर टोकाला पुठ्ठा उघडा पडतो. पुठ्ठ्याच्या बाहेरून कापड लागले आणि आतून काहीच लागले नाही तर वाळताना तो बाहेरच्या बाजूला वाकतो. आतून पान चिकटवले की दोन्ही बाजूंची ओढ सारखी होऊन तो सरळ राहतो. म्हणून दोन्ही कामे एकाच दिवशी करावीत आणि रात्रभर वजनाखाली ठेवावे. पाटा असेल तर उत्तमच.

नवशिकी

चर्चेचा हा धागा फार आवडला. एक प्राथमिक शंका आहे. घडी घालताना माझ्या जाड कार्डाच्या पानांना कडेने तडे जातात आणि घडी वेडीवाकडी येते. हातकागद आमच्या गावात मिळत नाही. कार्डावर हे काम होईल का? तसेच जुने फोटो मोबाइलवरून घेतले तर छपाई चांगली येईल का?

खळपुठ्ठा

होईल, मात्र गिरणीच्या कागदात तंतू एका दिशेने बसलेले असतात आणि घडी त्या दिशेला समांतर आली पाहिजे. कार्ड हातात धरून दोन्ही दिशांनी हलके वाकवून पाहा. ज्या दिशेने ते सहज वाकते, तीच घडीची दिशा. हाताने बनवलेल्या कागदात तंतू बरेचसे सर्व दिशांना पसरतात, म्हणून तिथे हा त्रास कमी होतो. घडी घालण्यापूर्वी पट्टी धरून बोथट टोकाच्या विणकामाच्या सुईने रेघ दाबून घ्यावी आणि मग घडी चमच्याच्या पाठीने चेपावी.

इंद्रायणीकाठ

खळपुठ्ठा दादा, अस्तराची युक्ती मिळाली, आता कापडाची भीती उरली नाही. मनापासून आभार.

नवशिकी, मोबाइल पुरेसा आहे. आपल्या पानावरचा फोटो साधारण 6 बाय 8 सेंटिमीटरचा असतो आणि त्यासाठी लांब बाजूला हजारभर बिंदू (पिक्सेल) खूप झाले. खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या जागी, फोटो सपाट ठेवून आणि फ्लॅश बंद करून वरून सरळ टिपावा. स्कॅनर मिळाला तर 600 डीपीआयवर (म्हणजे इंचाला 600 बिंदू) स्कॅन करावे, म्हणजे पुढे मोठी छपाईही करता येईल. नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचित होऊन येतो आणि छापल्यावर चेहरे मऊ, अस्पष्ट दिसतात. मूळ फोटो मात्र अल्बमात चिकटवू नयेत. अल्बमात नक्कल जावी आणि मूळ फोटो पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव लिहून स्वतंत्र कागदी पाकिटात राहावा. बॉलपेनने पाठीवर लिहिल्यास दाबाचे वळ पुढच्या बाजूला उठतात.

कोकणकडा

पाकिटांचा विषय निघाला म्हणून आमच्या दमट हवेतला अनुभव सांगतो. भिंतीवर चौकटीत लावलेले जुने फोटो पावसाळ्यांमागून पावसाळे काचेला चिकटत जातात, कारण फोटोवरचा जिलेटिनचा थर ओलाव्याने मऊ होतो. असा फोटो काचेपासून सोडवायला जाऊ नका. थर काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. काचेसकटच स्कॅन करा. आमच्या आजोबांचा गणपतीपुढे आरतीचे तबक धरलेला एकुलता एक फोटो असाच काचेतून घेतला आणि तो उत्तम आला.

चिकट पानांवर पारदर्शक कागद ओढून घ्यायचे जे अल्बम एके काळी घरोघरी होते, त्यांतून फोटो आताच काढून घ्यावेत. तो चिकटा काळानुसार पिवळा पडतो आणि फोटोला धरून बसतो. फोटो ओढू नका. कागद आणि फोटो यांच्यामध्ये मेण न लावलेला साधा दात साफ करायचा दोरा हळूहळू करवतीसारखा सरकवत नेला तर बहुतेक फोटो सुटतात. रेक्झिनसारखा वास येणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या खिशांतही फोटो ठेवू नयेत. कसर लागू नये म्हणून आपल्याकडे सर्रास डांबरगोळ्या टाकतात, पण फोटोंच्या डब्यात त्या नकोतच. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळा संपल्यावर त्या बदलाव्यात. बांधणीचे कामही शक्यतो दिवाळीनंतरच करावे. आषाढ-श्रावणात आमच्याकडे खळ वाळण्याऐवजी बुरसटते.

प्रश्नचिन्ह

मी श्रद्धाळू नाही आणि तरीही हा धागा पुन्हा पुन्हा वाचतो आहे. माझे वडील आयुष्यभर वारी करत होते. त्यांचे फोटो, टाळ आणि हस्ताक्षरातील अभंगांची वही माझ्याकडे आहे. मुलांसाठी असा अल्बम करावा असे मनापासून वाटते, पण फोटोखाली मी काय लिहू? त्यांच्या श्रद्धेविषयी मी लिहिले तर ते उसने वाटेल, आणि माझे मत लिहिले तर त्यांच्यावर अन्याय होईल.

इंद्रायणीकाठ

आपली अडचण खरी आहे आणि मला तिच्याविषयी आदर वाटतो. माझ्या मते अशा वेळी वडील जे करत असत ते तपशिलाने लिहावे. ते किती वाजता उठत, माळ कधी काढत नसत, एकादशीला काय खात, वारीहून परतल्यावर घरी पहिली गोष्ट कोणती करत, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. त्यात उसने काही नाही. त्यांच्या श्रद्धेविषयीचे शब्द त्यांच्याच वहीतून घ्यावेत. वहीच्या एका पानाचा फोटो मूळ आकारात छापला तर त्यांचे अक्षर, खाडाखोड, बोटाला लागलेल्या बुक्क्याचा एखादा ठसा, हे सर्व जसेच्या तसे येईल.

आपले मत लिहायचेच असेल तर पट्टीच्या मागील बाजूला, आपल्या नावाने, तारीख घालून, मुलांना पत्र म्हणून लिहावे. दर्शनी बाजू वडिलांची आणि मागील बाजू आपली. दोन्ही एकाच वस्तूत राहू शकतात, आणि मुलांना दोन्ही वाचायचा अधिकार आहे.

वसईची वाट

आमच्या वसईतील ख्रिस्ती घरांत रोज संध्याकाळी आल्तारासमोर, म्हणजे घरातील प्रार्थनेच्या वेदीसमोर, सगळ्यांनी मिळून रोझरी (माळेवरची प्रार्थना) म्हणण्याची प्रथा आहे. मी आईसाठी असाच छोटा अल्बम केला होता आणि त्यात जाणवलेली गोष्ट ताईंच्या मुद्द्याशी जुळते. आमच्याकडे बाप्तिस्मा, पहिला ख्रिस्तप्रसाद आणि लग्न यांचे फोटो भरपूर आहेत, कारण त्या दिवशी छायाचित्रकार बोलावलेला असतो. रोजच्या प्रार्थनेचा मात्र एकही फोटो नव्हता. ज्या गोष्टीने आमचे घर बांधले गेले, तीच फोटोंत नव्हती.

म्हणून मी नवे फोटो काढले. प्रार्थना चालू असताना कॅमेरा आणणे आईला आवडले नसते, तेव्हा प्रार्थनेनंतर लगेच जे जसे होते ते टिपले: खिळ्याला अडकवलेली माळ, जिचा एक मणी हरवल्यामुळे तिथे शर्टाचे बटण ओवलेले आहे, आल्तारावरची विझवलेली मेणबत्ती, वडिलांच्या गुडघ्यांनी चटईला पडलेले दोन खळगे. वडील आता नाहीत, पण आईने ती चटई बदललेली नाही. त्या पानाखाली आईने एवढेच लिहायला सांगितले की ते नेहमी डावीकडे बसत.

एका पानावर वसईचेच असलेले संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आहे. 1597 साली जपानमधील नागासाकी येथे ते हुतात्मा झाले आणि 1862 मध्ये त्यांना संतपद मिळाले, हे सर्वांना पुस्तकांत मिळेल. मी लिहिले ते एवढेच की आमच्या काकांचे नाव त्यांच्यावरून ठेवले आणि आजीने त्यासाठी कोणता नवस केला होता. संतांचा इतिहास छापील पुस्तकात राहील. नवस मात्र आपण लिहिला नाही तर पुढच्या पिढीपर्यंत पोहोचणार नाही.

अश्दोदहून

मी इस्रायलमधून लिहिते आहे. आमचे घराणे मूळ अलिबागकडचे, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील मराठी बोलणारे ज्यू. वसईच्या ताईंनी लिहिले ते वाचून राहवले नाही. आमच्या घरातील सर्वांत महत्त्वाची वेळ शुक्रवारची संध्याकाळ, आणि शब्बाथ (शुक्रवारी सूर्यास्तापासून सुरू होणारा आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस) लागल्यावर आम्ही फोटो काढत नाही, त्यामुळे तिचा फोटो असूच शकत नाही. माझ्या आजीच्या अल्बमात त्या संध्याकाळसाठी मी दिवे लावण्यापूर्वीच्या टेबलाचा फोटो ठेवला आहे, आणि त्यासमोरचे पान आजीच्या मराठी अक्षरातील मलिद्याच्या कृतीच्या कागदाला दिले आहे. मलिदा आम्ही मंगल प्रसंगी आणि नवस फेडताना एलियाहू हन्नाबींचे (प्रेषित एलियाचे) स्मरण करून करतो; त्यात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे असतात. आजीने प्रमाण कुठेच लिहिलेले नाही, फक्त घरातली कोणती पितळी थाळी किती भरायची ते लिहिले आहे. म्हणून त्या थाळीचाही फोटो घातला.

ताईंनी निवडलेल्या घडीच्या रचनेचा आम्हाला एक अनपेक्षित लाभ झाला. माझ्या मुलांना हिब्रू वाचता येते, आईला मराठी अधिक जवळची आहे. पट्टीच्या दर्शनी बाजूला मराठी मजकूर डावीकडून उजवीकडे लिहिला. पट्टी पूर्ण उलगडून उलटी धरली की तोच पहिला पुठ्ठा उजव्या टोकाला येतो, आणि हिब्रू उजवीकडूनच सुरू होते. त्यामुळे दोन्ही भाषांची सुरुवात एकाच बाजूने होते, आणि प्रत्येक फोटोच्या पाठीशी त्याच फोटोचा दुसऱ्या भाषेतील मजकूर येतो. मात्र यासाठी कागद जाड हवा आणि शाई अशी हवी की मागे उमटणार नाही. मी रंगद्रव्याची, पाण्याने न फुटणारी शाई वापरली.

प्रश्नचिन्ह

अश्दोदहून ताईंची मांडणी वाचून माझा प्रश्न सुटला. वडिलांची वही पुढे आणि माझे पत्र मागे, असेच करणार. एक शंका आहे. वडिलांच्या आवाजात अभंगांच्या काही ध्वनिफिती आहेत. पानावर क्यूआर कोड छापून त्या जोडाव्यात का?

इंद्रायणीकाठ

जरूर जोडाव्यात, परंतु कोड ज्या संकेतस्थळाकडे नेतो ते बंद पडले की कोडही निरुपयोगी होतो. म्हणून ध्वनीची प्रत घरातील दोन-तीन जणांकडे स्वतंत्रपणे ठेवावी आणि कोडच्या शेजारी अभंगाचा पहिला चरण हाताने लिहावा. सासूबाईंना जात्यावरच्या बऱ्याच ओव्या येतात. त्या मी ध्वनिमुद्रित केल्या आहेत, पण अल्बमात त्यांच्याच शब्दांत लिहूनही काढल्या आहेत. त्या म्हणतात तसे उच्चार ठेवले, प्रमाण लेखनात बदलले नाहीत.

वसईची वाट, आपण लिहिलेली बटणाची माळ आणि चटई वाचून मी सासूबाईंची पडशी कपाटातून काढली. तिच्या बंदाला जागोजागी गाठी आहेत. बंद तुटला की कापून न टाकता त्या तो तिथेच जोडत. तिचा फोटो आता घेतला आहे आणि तो पहिल्या पानावर जाईल. तिथे आधी मी आळंदीच्या मंदिराचे चित्र योजले होते.

खळपुठ्ठा

ताई, आपल्या तिसऱ्या प्रश्नावर कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. आमच्याकडे बांधणीला येणाऱ्या पोथ्यांच्या आत पुष्कळदा त्या घरातील गेलेल्या माणसांची नावे आणि तिथ्या लिहिलेल्या असत. वाचणाऱ्याने पोथी कोणाकडून मिळाली ते शेवटच्या पानावर लिहून ठेवायचे, अशी अनेक घरांची रीत होती. त्या पोथ्या देव्हाऱ्यात मूर्तींच्या ओळीत नसत, देवघरालगतच्या फडताळात बासनात बांधून ठेवलेल्या असत. आपला अल्बमही तिथे ठेवला तर नणंदबाईंचा आग्रह आणि जाऊबाईंचा संकोच दोन्ही सांभाळले जातील.

इंद्रायणीकाठ

दादा, हे दोघींनाही वाचून दाखवले आणि दोघींनाही पटले. पाठोपाठ जाऊबाईंनी आणखी एक गोष्ट सुचवली, ती इथे नोंदवते. लहान मुलांच्या हातून अल्बम जमिनीवर पडणार, त्याला पाय लागणार, कधीतरी त्यावर दूध सांडणार. म्हणून त्यात देवाची प्रतिमा मुद्दाम छापायची नाही, असे आम्ही एकमताने ठरवले. मंदिरातील गाभाऱ्याचे फोटो काढण्यास तशीही मनाई असते. विठ्ठल या अल्बमात सासूबाईंच्या जोडलेल्या हातांतून, वीणेतून आणि भंडाऱ्यातून यावा. मूल मोठे झाल्यावर अल्बम जीर्ण झाला तर काय करायचे, हा प्रश्नही त्यामुळे सोपा होतो.

बासनासाठी नऊवारीचा उरलेला तुकडा अस्तर न लावता, नुसता कडेने हातशिलाई करून घेणार आहोत. शिलाईचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे आणि त्यांना जाड दोरा हवा आहे, जो मुलांना सोडता आणि बांधता येईल. पट्ट्या कापून झाल्या आहेत. या आठवड्यात अस्तर लावून पाहते. अस्तराचा पातळ कागद कोणत्या वजनाचा घ्यावा, तेवढे खळपुठ्ठा दादांनी सांगावे.

खळपुठ्ठा

25 ते 30 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम. त्याहून जाड घेतलात तर नऊवारीचा मऊपणा हाताला लागणार नाही.